तीन लाख किलोमीटरचा पिकअप आणि मासेमारी बंदीचे दोन महिने : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

मुंबईतल्या एका कोळीवाड्यातलं हे कुटुंब. नावं, गल्ली आणि गाडीची कंपनी मुद्दाम गाळली आहे. आकडे कामाच्या वहीतले आहेत. मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो आणि त्याच वस्तीत राहतो. या कामात मी पहिल्या दिवसापासून होतो, म्हणून पुढे जे निर्णय चुकले असं लिहिलं आहे त्यांत माझेही आहेत.

गाडीमालकाला मी दादा म्हणतो, ते मला मास्तर म्हणतात. मासळीच्या धंद्याचा सगळा हिशेब वहिनींच्या, म्हणजे दादांच्या बायकोच्या, हातात असतो: लिलावात माल घेणं, बर्फ, गिऱ्हाईक, उधारी. दादा गाडी चालवतात आणि वहिनी रोज त्यांच्या शेजारी बसून जातात. पहाटे तीनच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकला माल भरायचा आणि बाजार उघडायच्या आत मुलुंड, ठाणे, कल्याण गाठायचं, असा त्यांचा दिवस.

गाडी २०१३ ची आहे. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, टर्बो, बीएस-३ (धुराचा जुना सरकारी निकष), मागे पाटे (लीफ स्प्रिंग). दादांनी ती तीन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका द्राक्ष-व्यापाऱ्याकडून घेतली. घेतली तेव्हा मीटरवर २,४६,००० किलोमीटर होते, गेल्या मे महिन्यात ३,०४,००० झाले होते. यातले अडीच लाख हायवेवरचे, कोरड्या हवेतले आणि कोरड्या मालाचे. त्यानंतरचे अठ्ठावन्न हजार मासळी, बर्फ आणि खारं पाणी वाहून झालेले. हा फरक तेव्हा आमच्यापैकी कोणीच नीट मनावर घेतला नव्हता.

अडचण

एप्रिलपासून मुंब्रा बायपासच्या चढावर भरलेली गाडी काळा धूर सोडायला लागली. जोर मिळेना, पायथ्यापासून दुसऱ्या गिअरवर चढायची. सकाळी सेल मारल्यावर लगेच उचलायची नाही, उचलली की मिनिटभर पांढरा धूर. कल्याणहून परतताना ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर जायचा. पीयूसीच्या धूर चाचणीत आकडा ३.१ आला. बीएस-३ डिझेलला मर्यादा २.४५ आहे. त्यात ऑगस्टच्या मध्यावर आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र संपत होतं. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी काढावं लागतं.

एका गॅरेजने चालू इंजिनचं ऑईलचं झाकण काढून पाहिलं. आतून वाफ येत होती. "बॅक कॉम्प्रेशन आहे," म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय, असं त्यांचं म्हणणं. "तीन लाख झाले, हाफ इंजिन करावंच लागेल." रिंगा, बेअरिंग आणि हेडचं काम मिळून ८५,००० रुपये आणि तीन आठवडे, असा अंदाज मिळाला. त्या गॅरेजला मी दोष देत नाही. झाकणातून वाफ आणि मीटरवर तीन लाख, एवढंच पाहिलं तर बहुतेक जण हेच सांगतील.

समोरचे पर्याय

नवा पिकअप घ्यायचा तर कर्ज काढणं भाग होतं, आणि वहिनींनी तो विषय एका वाक्यात संपवला: होडीच्या नव्या मशीनचे हप्ते अजून चालू आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुनं इंजिन आणून बसवावं असं दादांच्या मेव्हण्यांनी सुचवलं. स्वस्त वाटलं, पण इंजिन बदललं की आरटीओची परवानगी आणि आरसीवर नव्या इंजिन नंबरची नोंद लागते, आणि ते इंजिन आतून कसं आहे हे बसवल्याशिवाय कळत नाही. गाडी भंगारात काढणं हा पर्यायही बोलण्यात आला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या पेट्रोल आणि डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला सांगितलं होतं, तेव्हापासून जुन्या डिझेलवर पैसे घालावेत का हा प्रश्न धक्क्यावर सगळ्यांच्याच तोंडी होता.

चौथा पर्याय मी मांडला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. गाडी तशीही उभी राहणार. आधी घरी सगळं मोजू, मग कुठे पैसे घालायचे ते ठरवू.

"मास्तर, तीन लाख म्हणजे इंजिन गेलंच ना?" दादांनी विचारलं.

"दादा, कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

वहिनी तोवर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही दोघं गाडी चढत नाही म्हणून बोलताय. उतरताना थांबत नाही त्याचं काय? हे ब्रेक दोनदा मारतात तेव्हा लागतो. मी बाजूला बसते, मला दिसतं."

दादांना याची इतकी सवय झाली होती की ते गाडीचं दुखणं आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. धूर सगळ्या रस्त्याला दिसतो. पेडल खाली जातं ते केबिनमध्ये बसणाऱ्यालाच कळतं. या एका वाक्यामुळे आम्ही तपासणीचा क्रम उलटा केला. ब्रेक आणि चासी आधी, इंजिन नंतर. या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच होता, आणि तो मेकॅनिकने घेतलेला नव्हता.

खाली शिरल्यावर काय दिसलं

हौद्यात मासळीचे क्रेट आणि बर्फ. बर्फ वितळतो, त्यात मासळीचं पाणी आणि मीठ मिसळतं, आणि हौद्याच्या तळाच्या पत्र्यांच्या सांध्यांतून ते थेंब थेंब चासीवर पडतं. तीन वर्षं हेच चाललं होतं. दादा गाडी रोज धूत, पण वरून. खालून पाणी मारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मागच्या ॲक्सलकडे जाणारी ब्रेकची नळी क्लिपांच्या जागी खवल्या-खवल्यांनी सुटत होती. तारेच्या ब्रशने हलकं घासलं तर एका ठिकाणी ब्रेक ऑईलचा थेंब डोकावला. मागचे दोन्ही व्हील सिलिंडर गळत होते आणि लायनर ऑईलने भिजले होते. वजनाप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह गंजून एकाच जागी अडकला होता. ती नळी कल्याणच्या वाटेवर फुटली असती तर काय झालं असतं, हे मी दादांसमोर मोठ्याने बोललो नाही. ते स्वतःच बराच वेळ ती नळी हातात धरून बसले होते.

मग चासी. हातोडीने ठोकत गेलो. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा बद्द. उजवीकडे, पाट्याच्या पुढच्या हँगरजवळ आवाज बदलला आणि पेचकस सरळ आत गेला. दोन बोटं मावतील एवढं भोक. नेमकं तिथेच हौद्याचा सांधा येतो, आणि हँगर व चासी यांच्या बेचक्यात चिखल आणि खवले साचून राहतात. ओल तिथून कधी हटतच नाही.

इंजिनची बारी चौथ्या दिवशी आली. हीटर प्लगच्या (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग) भोकांतून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, घेतलं. प्लग तुटून हेडमध्ये अडकू नयेत म्हणून आदल्या रात्री गंजावर मारायचं ऑईल सोडलं आणि इंजिन गरम असताना हळू फिरवत काढले. इंजेक्टरचे कनेक्टर काढले, म्हणजे डिझेल आत जाणार नाही. बॅटरी पूर्ण चार्ज होती. वहीत लिहिलेले आकडे बारमध्ये: २७, २६, २७, २५. तीन लाखांच्या इंजिनला हे उत्तम आहे. दाब पुरेसा असेल आणि सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या आत असेल तर हाफ इंजिन करायचं कारण सहसा उरत नाही.

मग झाकणातली वाफ? इंजिनच्या पोटातली वाफ बाहेर नेणारी ब्रीदरची नळी काळ्या गाळाने जवळजवळ बुजली होती. वाट बंद झाली म्हणून वाफ झाकणाकडून येत होती. काळा धूर दुसऱ्याच कारणाने होता. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली गरम हवा गार करणारी जाळी) जाणारा रबरी होस खालच्या बाजूने चिरला होता आणि आसपास तेलकट डाग पसरला होता. टर्बोने दाबलेली हवा तिथून निसटायची, डिझेल मात्र पूर्ण पडायचं. पांढऱ्या धुराला चारपैकी दोन मेलेले हीटर प्लग आणि एक इंजेक्टर जबाबदार निघाला. इंजेक्टर ओळखायला घरचीच युक्ती पुरली: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडल्या आणि इंजिन आयडलला चालू ठेवलं. तीन बाटल्यांत साधारण वीस मिलिलिटर, तिसऱ्या नंबरच्या बाटलीत पासष्ट.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. अशा इंजिनात परतीच्या नळीला फारसा दाब नसतो, ती घरी हाताळता येते. रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणारी सामायिक नळी, तिच्यापासून इंजेक्टरकडे जाणाऱ्या लोखंडी नळीत दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो. जुन्या डिझेल इंजिनावर चालू गाडीत नट सैल करून कुठलं सिलिंडर मेलंय ते बघायची पद्धत होती. कॉमन रेलवर ती कधीही करू नये. डिझेलची ती बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते.

गरम होण्याचं कारण शोधताना कळलं की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, कुणीतरी केव्हाच काढून टाकला होता. 'मुंबईत काय करायचाय' हा समज जुना आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन लवकर तापत नाही, डिझेल जास्त जातं आणि काजळी वाढते. ट्रॅफिकमध्ये काटा वर जाण्याचं कारण मात्र निकामी झालेला रेडिएटरचा पंखा (व्हिस्कस फॅन) आणि नुसत्या नळाच्या पाण्यावर चालवून गाळाने भरलेला रेडिएटर हे होतं.

चासीचा निर्णय

भोक पाहिल्यावर भंगाराचा पर्याय पुन्हा समोर आला, आणि या वेळी मीच तो गंभीरपणे मांडला. इंजिन चांगलं आहे म्हणून सडलेल्या चासीवर माल घालणं हा जिवाशी खेळ आहे. आम्ही आधी अट ठरवली आणि मग घासायला घेतलं. गंज चासीच्या वरच्या किंवा खालच्या पट्टीत शिरला असेल, किंवा डावीकडेही तसंच भोक असेल, तर गाडी भंगारात काढायची. अट आधी वहीत लिहून ठेवली हे बरं झालं, कारण दोन दिवस घाम गाळल्यावर माणसाला नाही म्हणवत नाही.

हौदा बोल्ट काढून उचलला. सहा माणसं लागली, गल्लीतली पोरं आली. भोक फक्त उभ्या बाजूत होतं, वरखालच्या पट्ट्या शाबूत होत्या, डावी बाजू वरवर गंजली होती पण ठोस होती. गाडी ठेवायची असं ठरलं.

घरच्या कामाची हद्द मात्र इथे संपली. दादांचा मुलगा वेल्डिंग शिकलेला आहे आणि त्याला हे काम करायचं होतं. मी ठाम नाही म्हटलं. हौद्याचा पत्रा जोडणं वेगळं, माल पेलणारी चासी जोडणं वेगळं. ट्रकच्या चासीचं काम करणारा कारागीर त्याचं मशीन घेऊन आला. त्याने सडलेला भाग निरोगी लोखंडापर्यंत कापला आणि बाहेरून जाड पट्टी लावली. पट्टीची दोन्ही टोकं तिरपी ठेवली, कारण सरळ उभ्या रेषेत वेल्ड मारला तर पुढे तडा त्याच रेषेवर जातो. त्याआधी आम्ही बॅटरी सोडली, इंजिनच्या कंट्रोल युनिटचा कनेक्टर काढला आणि डिझेलची टाकी उतरवून लांब नेली. मुलगा दिवसभर त्याच्या शेजारी उभा होता.

ब्रेकच्या नळ्या आणताना एक छोटा प्रसंग झाला. दुकानदार साधी तांब्याची नळी देत होता, वाकवायला सोपी आणि गंजत नाही म्हणून. दादांना ती पटली होती, कारण गंजानेच घात केला होता. पण तांबं थरथरीने कडक होत जातं आणि तडकतं. आम्ही मुलामा दिलेल्या लोखंडी नळ्याच घेतल्या आणि टोकं दुहेरी फ्लेअर करून, म्हणजे दोनदा दुमडून, आणली.

जॅक खचला तो दिवस

१७ जूनला रात्रभर पाऊस झाला होता. गाडी घरामागच्या पेव्हर ब्लॉकवर उभी होती. मुलगा खालून बाहेर आला, चहाचा कप हातात घेतला आणि जॅकखालचा ब्लॉक एका बाजूने खचला. खालची वाळू पावसाने वाहून गेली होती. गाडी झुकली आणि घोडीवर, म्हणजे चासीखाली लावलेल्या लोखंडी टेकूवर, टेकून थांबली. घोडी आम्ही जाड प्लायवर ठेवली होती म्हणून ती खचली नाही.

त्या दिवशी पुढचं काम बंद केलं. दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून फूटभर रुंदीच्या चार लोखंडी प्लेटा आणल्या, प्रत्येक टेकूखाली एक. शिवाय काढलेलं चाक नेहमी चासीखाली आडवं सरकवून ठेवायचं, अशी सवय लावली. पावसाळ्यात मुंबईतल्या कुठल्याही फरशीखाली जमीन भरीव आहे असं धरूच नये. हे मला आधी सांगता आलं असतं. मी घोडीकडे लक्ष दिलं, जमिनीकडे नाही.

परिणाम

एकूण खर्च ७८,९५० रुपये झाला. गॅरेजने सांगितलेल्या हाफ इंजिनपेक्षा फार कमी नाही, पण तो गेला कुठे हे पाहण्यासारखं आहे. चासीचं काम १४,०००, हौद्यातला नवा ट्रे १२,५००, मागचे दोन टायर ११,६००, ब्रेकचं सगळं ९,४००, पाटे आणि बुश ६,३००, प्रायमर आणि रंग ५,२००. इंजिनच्या वाट्याला आलेलं सगळं मिळून, म्हणजे इंजेक्टर, होस, हीटर प्लग, थर्मोस्टॅट, कूलंट, रेडिएटरची सफाई आणि फॅन, २० हजारांच्या आत बसलं. ८५,००० घालून हाफ इंजिन केलं असतं तर गाडी कदाचित थोडी बरी चढली असती. फुटायला आलेली नळी तिथेच राहिली असती.

ट्रेची कल्पना वहिनींची. हौद्याच्या तळाला मागे उतार दिलेला फायबरचा ट्रे आणि मागच्या कोपऱ्यात पाणी साठवायचा कॅन. बर्फाचं पाणी आता चासीवर पडत नाही आणि रस्त्यावरही सांडत नाही. मासळीच्या गाडीमागे दुचाकीवाले घसरतात, ते वहिनींना कायम खटकायचं.

धूर चाचणीत आकडा १.२ आला. फिटनेसला चासीची पट्टी लपवली नाही. इन्स्पेक्टरांना ती स्वतःहून दाखवली, त्यांनी खाली वाकून पाहिली आणि गाडी पास झाली. डिझेलचा हिशेब वहिनी ठेवतात: लिटरला साडेदहावरून पावणेतेरा किलोमीटर.

वेळ मात्र चुकली. ३१ जुलैला गाडी तयार हवी होती, ती ९ ऑगस्टला बाहेर पडली. पहिले आठ दिवस भाड्याचा टेंपो लावावा लागला, खेपेला २,२०० रुपये. बंदीनंतरचे पहिले दिवस सगळ्यांत जास्त मालाचे असतात, म्हणून ते पैसे वहिनींना फार लागले.

वेगळं काय करता आलं असतं

उशीर रंगामुळे झाला. जुलैच्या दमट हवेत चासीवर मारलेला झिंक प्रायमर धरला नाही, दोन दिवसांनी नखाने निघाला. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आले तेव्हा गल्लीत घोटाभर पाणी चढलं आणि घासून ठेवलेलं लोखंड पुन्हा लाल झालं. सगळं घासणं दोनदा करावं लागलं. हौदा उतरवणं आणि चासी रंगवणं हे मेच्या उन्हात व्हायला हवं होतं. मेमध्ये धंदा चालू असतो हे खरं, पण चार दिवसांचं टेंपोभाडं तेव्हा दिलं असतं तर ऑगस्टमधले आठ दिवस वाचले असते. नळ्या, इंजेक्टर, रेडिएटर ही कामं ताडपत्रीखाली पावसात होतात. रंगाचं काम होत नाही.

दुसरी चूक क्लचची. तपासणी सोपी आहे: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडायचा. इंजिन बंद पडलं तर क्लच ठीक, फिरत राहिलं तर घसरतोय. आम्ही ती केली नाही, कारण जूनमध्ये मागचे ब्रेक उघडे होते आणि हँडब्रेक लागतच नव्हता. नंतर करू म्हटलं आणि राहून गेलं. डिसेंबरमध्ये, नाताळच्या मालाची घाई असताना, क्लच घसरायला लागला. ११,००० रुपये आणि दोन दिवस गेले. ब्रेक जोडल्यावर करायच्या चाचण्यांची वेगळी यादी मी त्याच दिवशी भिंतीवर लावायला हवी होती.

वापरलेलं ऑईल चासीवर फासायचा विचारही एकदा झाला होता. जुने ड्रायव्हर गंज रोखायला तसं करतात. वहिनींनी अडवलं: वरून मासळीचे क्रेट जाणार, खालून ते ऑईल पावसाबरोबर खाडीत जाणार, आणि खाडीतूनच आपण खातो. आम्ही बंद भागांत मेणाचं कोटिंग फवारलं. वापरलेलं ऑईल कॅनमध्ये भरून ते रिसायकलिंगला नेणाऱ्याकडे दिलं.

मीटरचा आकडा आता ३,१२,००० च्या पुढे आहे. दर रविवारी दादा गाडी वरून नाही, खालून धुतात, गोड्या पाण्याने. चासीच्या पट्टीच्या चारही कडांवर मुलाने पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली आहे. वेल्डला केसाएवढा तडा गेला तरी ती रेघ तुटलेली दिसेल. १ जूनला हौदा पुन्हा उतरवून हातोडी मारायची असं वहीत लिहिलं आहे, आणि त्याखाली वहिनींनी भरलं आहे: आधी मेमध्ये.